अंश तोच, छेद वेगळे : कोल्हापूर जिल्हा, जून-जुलै २०२१

२०२१च्या एप्रिलमध्ये मुंबई-पुण्याकडे कोरोनाची दुसरी लाट शिखरावर होती, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यात ती अजून चढणीला होती. जून उजाडला, राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांचे आकडे उतरले, तिकडच्या बाजारपेठा उघडू लागल्या. कोल्हापूरचे आकडे मात्र आठवड्यामागून आठवडे जवळपास त्याच उंचीवर राहिले. राज्य शासनाने ४ जून २०२१ रोजी निर्बंध शिथिल करण्यासाठी पाच स्तर ठरवले आणि ७ जूनपासून ते लागू झाले. तपासलेल्यांपैकी बाधित निघालेल्यांचे प्रमाण, ज्याला लहानथोर सगळेच पॉझिटिव्हिटी रेट म्हणू लागले होते, ते ५ टक्क्यांच्या आत असेल आणि ऑक्सिजनच्या खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर. हे प्रमाण १० ते २० टक्के असेल किंवा ऑक्सिजनच्या खाटा ६० टक्क्यांहून अधिक भरलेल्या असतील तर चौथा. कोल्हापूर चौथ्या स्तरात गेला. शेजारच्या जिल्ह्यात दुकाने उघडतात आणि आमचीच बंद का, असा प्रश्न इथले व्यापारी विचारू लागले, आणि महिनोन् महिने बंद दुकानाचे भाडे भरणाऱ्या माणसाने तो विचारणे स्वाभाविकच होते.

या प्रकरणाचा अभ्यास करावासा वाटतो तो एका कारणासाठी. साथ वाढते आहे की ओसरते आहे, आजार किती जीवघेणा आहे, आणि दुकाने कधी उघडायची, असे तीन निरनिराळे प्रश्न त्या दोन महिन्यांत जवळजवळ एकाच आकड्याला विचारले जात होते. माझे म्हणणे असे आहे की या प्रत्येक प्रश्नाचा छेद वेगळा होता, छेद न बघता अंशावर वाद घातल्यामुळे बराच गोंधळ झाला, आणि या सगळ्यात सर्वाधिक भरवशाचा कागद होता तो गावोगावच्या ग्रामपंचायतीतली मृत्यू नोंदवही.

रोज संध्याकाळचा तक्ता

करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रामदक्षता समितीसाठी मी त्या काळात एका दोनशे पानी वहीत आकडे उतरवून ठेवत असे. जिल्ह्याचा तक्ता संध्याकाळी मोबाईलवर यायचा. आजरा, भुदरगड, चंदगड, गडहिंग्लज, गगनबावडा, हातकणंगले, कागल, करवीर, पन्हाळा, राधानगरी, शाहूवाडी, शिरोळ असे बारा तालुके, मग नगरपालिका क्षेत्र, मग कोल्हापूर महानगरपालिका, आणि शेवटी इतर जिल्हा व राज्य अशी एक ओळ. बहुतेकांचे डोळे आपल्या तालुक्याच्या ओळीवर जाऊन थांबत. मला मात्र ती शेवटची ओळ सर्वांत बोलकी वाटे, कारण सांगली, सिंधुदुर्ग आणि सीमेपलीकडचे निपाणी-चिक्कोडी भागातले रुग्ण वर्षानुवर्षे उपचारासाठी कोल्हापुरात येतात, आणि साथीतही ते सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, आणि शहरातल्या खासगी रुग्णालयांत येतच होते. ऑक्सिजनची खाट त्यांनी अडवली तर ती जिल्ह्याच्या हिशेबात भरलेली धरली जाणार. पण त्यांचे गाव आणि त्यांच्या गावातले निरोगी लोक कोल्हापूरच्या छेदात कुठेच नाहीत. स्तर ठरवण्याच्या दोन अटींपैकी एक अशी जिल्ह्याबाहेरच्या माणसांवरही अवलंबून होती.

पॉझिटिव्हिटी रेट नेमके काय मोजतो

कोल्हापूरच्या माणसाला मोजमापाचे एक उत्तम उदाहरण अंगवळणी पडलेले आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्या पट्टीवरचा फूट आज जेवढा असतो तेवढाच उद्या असतो, म्हणून कालच्या पातळीशी आजची पातळी बिनधास्त ताडून बघता येते. पॉझिटिव्हिटी रेटही तसाच टक्क्यांत, तसाच रोजच्या रोज येत होता, आणि लोकांनी त्याचीही बंधाऱ्यावरची पट्टी केली. पण या पट्टीचा फूट कोणाला तपासले यावर लांबतो आणि आखूड होतो.

हिशेब मांडून पाहू. समजा, एका आठवड्यात ताप-खोकला असलेल्या आणि बाधितांच्या निकट संपर्कातल्या १०,००० लोकांचे स्वॅब घेतले आणि १,५०० बाधित निघाले. प्रमाण १५ टक्के, म्हणजे चौथा स्तर. पुढच्या आठवड्यात तेवढेच रुग्ण आहेत, तेवढेच संपर्कातले आहेत. पण त्यांच्या जोडीला भाजी विक्रेते, रिक्षाचालक, दुकानातले कामगार अशा लक्षणे नसलेल्या आणखी १०,००० जणांची झटपट निकाल देणारी अँटीजेन तपासणी केली आणि त्यात ३०० बाधित सापडले. आता २०,०००मध्ये १,८०० झाले, प्रमाण ९ टक्क्यांवर आले आणि कागदावर जिल्हा तिसऱ्या स्तरात बसण्याजोगा झाला. प्रत्यक्षात संसर्ग कणभरही कमी झालेला नाही. उलट आधी न सापडणारे ३०० जण सापडले, हे चांगलेच झाले. तपासण्या वाढवा म्हणणारे आणि त्यामुळे आकडा खाली आल्याचे सांगणारे, दोघेही खरे बोलत होते, आणि तरीही साथ ओसरली का, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

यात अँटीजेन चाचणीची स्वतःची मर्यादा मिसळली होती. जून २०२०मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या चाचणीला मान्यता दिली, तेव्हाच्या पडताळणीत खऱ्या बाधितांपैकी ती सुमारे ५१ ते ८४ टक्के जणांनाच पकडत होती. म्हणूनच लक्षणे असलेल्याची अँटीजेन निगेटिव्ह आली तर प्रयोगशाळेतली अधिक खात्रीची आरटीपीसीआर चाचणी करून घ्यावी, असा नियम होता. शासनाच्याही हे लक्षात आले असावे. २५ जून २०२१च्या आदेशाने स्तर ठरवताना केवळ आरटीपीसीआर चाचण्या धराव्यात असे ठरले आणि पहिले दोन स्तर तूर्त बाजूला ठेवून सर्वच जिल्ह्यांना किमान तिसऱ्या स्तराचे निर्बंध लागू झाले. निर्णय योग्य होता असे माझे मत आहे, पण त्याने आलेखात एक सांधा तयार झाला. २५ जूनच्या अलीकडचा आणि पलीकडचा टक्का यांचा छेदच निराळा असल्यामुळे त्यांची थेट तुलना करता येत नव्हती. माझ्या वहीत त्या तारखेला मी लाल पेनने आडवी रेघ मारली आहे, आणि ज्यांनी ज्यांनी ते आकडे पुढे वापरायला मागितले त्यांना आधी ती रेघ दाखवली आहे.

साथ पठारावर का राहिली

लोकांच्या मनातला खरा सल वेगळा होता : एवढे निर्बंध पाळूनही आकडा खाली का येत नाही? याचे उत्तर संसर्गाच्या गतीत आहे. एक बाधित माणूस सरासरी किती जणांना बाधित करतो, या संख्येला आर म्हणतात. सुरुवातीच्या विषाणूसाठी, कोणीही काळजी घेत नसताना, ती दोन ते तीनच्या घरात होती. दुसऱ्या लाटेतला डेल्टा तिच्या दुपटीच्या आसपास होता. एका माणसाला लागण झाल्यापासून त्याच्याकडून दुसऱ्याला होईपर्यंत साधारण ५ दिवस जातात, असे धरू.

आर ०.८ असेल तर दर पाच दिवसांनी रुग्ण आधीच्या ८० टक्क्यांवर येतात आणि पंधरा-सोळा दिवसांत निम्मे होतात. आर ०.९५ असेल तर निम्मे व्हायला सुमारे ६८ दिवस लागतात. दोन्ही ठिकाणी आर एकच्या खाली आहे, दोन्ही ठिकाणी साथ ओसरते आहे. पण पहिल्या जिल्ह्यात महिनाभरात बाजार उघडतो आणि दुसऱ्या जिल्ह्यात दोन महिने लोटतात तरी आकडा हलत नाही असे वाटत राहते. कोल्हापूरचे जूनमधले पठार असेच होते. आर एकच्या आसपास घुटमळत होता. त्याला थोडा आणखी ढकलणे आवश्यक होते, आणि तो थोडासा रेटा घरातूनच यायला हवा होता, कारण त्या सुमारास गृहविलगीकरणातल्या रुग्णांकडून घरातल्या चौघा-पाचजणांना लागण होण्याचा सिलसिला आमच्या गावात मी डोळ्यांनी पाहत होतो. एक खोली, एक मोरी, आणि गोठ्यात जाण्याची वाट त्याच खोलीतून. अशा घरात विलगीकरण हा शब्द भिंतीवर चिकटवलेल्या कागदापुरता उरतो. दुकान बंद ठेवून बाहेरचा संसर्ग थोपवता येत होता, पण घरातल्या या साखळीला दुकानाच्या शटरशी काही देणेघेणे नव्हते. शाळेतल्या विलगीकरण केंद्रात रुग्णाला हलवणे हा त्यावरचा उपाय होता आणि ज्या वाड्यांनी तो मनावर घेतला तिथे फरक दिसला.

मृत्युदर : एक अंश, तीन छेद

आता आजार किती जीवघेणा होता, या प्रश्नाकडे येऊ. साथ संपेपर्यंत जिल्ह्यात दोन लाखांहून अधिक रुग्णांची आणि साडेपाच हजारांहून अधिक मृत्यूंची अधिकृत नोंद झाली, म्हणजे नोंदलेल्या दर शंभर रुग्णांमागे अडीचहून अधिक मृत्यू. राज्याचे हेच प्रमाण दोनच्या आत राहिले. कोल्हापुरात मृत्युदर जास्त, हे वाक्य त्या काळात चहाच्या टपरीवरही ऐकू येई आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा इथले उपचार कमी पडले असाच लावला जाई.

हा अर्थ लावण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे उशीर. लक्षणे दिसल्यापासून मृत्यूपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे जातात. रुग्ण भराभर वाढत असताना आजच्या मृत्यूंना आजच्या रुग्णसंख्येने भागले, तर ज्यांचा निकाल लागायचा आहे असे असंख्य रुग्ण छेदात शिरतात आणि दर फसवा कमी दिसतो. २००३मध्ये सार्सच्या वेळी नेमके असेच झाले होते : सुरुवातीला ४ टक्क्यांच्या आसपास वाटणारा मृत्युदर जागतिक आरोग्य संघटनेला मे महिन्यात १४ ते १५ टक्के असा सुधारावा लागला. उलट रुग्ण झपाट्याने उतरत असताना तोच भागाकार मृत्युदर फुगवून दाखवतो, आणि आजार अचानक घातक झाल्याची आवई उठते.

कोल्हापूरच्या पठाराचा एक उपयोग इथे होतो, जो मला तेव्हा कुणाच्या बोलण्यात आढळला नाही. रुग्णसंख्या चार-पाच आठवडे सपाट असेल तर तीन आठवड्यांपूर्वीचे रुग्ण आणि आजचे रुग्ण सारखेच असतात, त्यामुळे उशिराने होणारी चूक जवळजवळ नाहीशी होते. जून-जुलैतला कोल्हापूरचा मृत्युदर चढत्या किंवा उतरत्या जिल्ह्यांच्या मृत्युदरापेक्षा म्हणूनच वाचायला सोपा होता, आणि तो जास्त दिसत होता याचे कारण उशीर हे नव्हते.

मग कारणे उरतात ती चार. इथे वयस्कांचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून जास्त आहे. तरुण पुण्या-मुंबईला आणि म्हातारी माणसे घरी, हे चित्र पन्हाळा-शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत सगळीकडे दिसते, आणि या आजाराचा धोका वयाप्रमाणे अतिशय वेगाने वाढतो. लस येण्यापूर्वीच्या अभ्यासांनुसार लागण झालेल्या पंचविशीतल्या दहा हजारांपैकी साधारण एक, पंचावन्नच्या वयात हजारामागे चार, पंचाहत्तरीत शंभरामागे चार ते पाच आणि पंच्याऐंशीत शंभरामागे पंधरा असे मृत्यू होत होते. दुसरे कारण, उशिरा दाखल होणे. गावातल्या डॉक्टरकडे पाच-सहा दिवस सलाईन आणि मग ऑक्सिजन खाली गेल्यावर सीपीआरची धावपळ. तिसरे, सौम्य रुग्ण न सापडणे. चौथे कारण कोणी बोलून दाखवत नाही : इथे मृत्यू इतर काही भागांपेक्षा अधिक प्रामाणिकपणे नोंदले गेले असतील, तर दर तेवढ्यानेही वाढतो. मृत्यू लपवणाऱ्या जिल्ह्याचा मृत्युदर नेहमीच देखणा असतो. चारांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे मृत्यू भागिले रुग्ण एवढ्या भागाकारातून कधीच निघणार नाही.

सौम्य रुग्ण किती सुटले याचा अदमास रक्तातल्या प्रतिपिंडांच्या पाहणीवरून येतो. राष्ट्रीय पाहणी देशातल्या ७० जिल्ह्यांत झाली, त्यात आपला शेजारी सांगली होता, कोल्हापूर नव्हता. २०२०च्या ऑगस्ट-सप्टेंबरातल्या फेरीत नोंदलेल्या एका रुग्णामागे प्रत्यक्षात २६ ते ३२ जणांना लागण झाल्याचे दिसले, आणि जून-जुलै २०२१च्या चौथ्या फेरीत देशातल्या ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली, अर्थात त्यात लस घेतलेलेही होते. २०११च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ आहे. समजा, त्यातल्या निम्म्यांनाच केव्हा ना केव्हा लागण झाली. मग साडेपाच हजारांना १९ लाख ३८ हजारांनी भागायचे, आणि उत्तर येते ०.२८ टक्के. अंश तोच; छेद बदलताच दर नवव्या हिश्शावर येतो. पहिला आकडा सांगून लोकांना घाबरवले जात होते आणि दुसरा सांगून हा साधा ताप आहे असे पटवले जात होते. आणि ०.२८ टक्के म्हणजे काही थोडे नव्हे. दोन हजार वस्तीच्या वाडीत निम्म्यांना लागण झाली तर ओळखीपाळखीची तीन माणसे गेली, एवढा त्याचा अर्थ होतो.

नोंदवही

अंशही आपण तोच धरला, पण तो तरी पुरा होता का? इथे मृत्यू नोंदवही उघडावी लागते. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू २१ दिवसांत नोंदवायचा असतो आणि गावात तेव्हा ग्रामसेवक हेच निबंधक असत. एकूण मृत्यूंची गेल्या काही वर्षांच्या त्याच महिन्यांशी तुलना केली, तर कारणाच्या रकान्यात काहीही लिहिलेले असले तरी जास्तीचे मृत्यू दिसतातच. १९१८च्या इन्फ्लुएंझात नोंदींमध्ये बहुतेक मृत्यू नुसत्या तापाखाली दाखल झाले होते. तरीही देशात सव्वा ते पावणेदोन कोटींच्या घरात माणसे गेली, असा अंदाज अभ्यासकांना बांधता आला, तो एकूण मृत्यूंच्या नोंदी आणि जनगणना ताडून.

साथीच्या आधी राज्यात दर हजारी साडेपाचच्या आसपास मृत्यू होत. त्या हिशेबाने कोल्हापूर जिल्ह्यात वर्षाला २१ हजारांवर, म्हणजे दिवसाला सुमारे ५८ मृत्यू साथ नसतानाही होणारच. गगनबावडा तालुक्याची लोकसंख्या ३५,७७२. तिथे महिन्याला सोळा. आता सोळाच्या सरासरीत एखाद्या महिन्यात बावीस-तेवीस मृत्यू निव्वळ योगायोगानेही होऊ शकतात, त्यामुळे एका छोट्या तालुक्याच्या एका महिन्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. तीच वाढ सर्व बारा तालुक्यांत एकदम दिसली तर मात्र तो योगायोग नसतो.

या मोजणीलाही दोन पथ्ये आहेत. मृत्यू ज्या ठिकाणी होतो तिथे नोंदतात, राहत्या गावी नव्हे. राधानगरीचा माणूस सीपीआरमध्ये गेला तर नोंद महानगरपालिकेत होते. त्यामुळे शहराची नोंदवही फुगते, गावची सुकी राहते, आणि नेहमीच्या पत्त्याचा रकाना वाचल्याशिवाय दोन्ही आकडे चुकतात. दुसरे, मोजायची ती मृत्यूची तारीख, नोंदणीची नव्हे. २२ जुलै २०२१नंतर पंचगंगेला महापूर आला, शिरोळीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, अनेक गावे वेढली गेली. अशा आठवड्यात तपासणी केंद्र गाठणेही अवघड आणि ग्रामपंचायत गाठणेही. त्या दिवसांतला रुग्णांचा खाली आलेला आकडा मी वहीत लिहिला, पण त्यावर काही ठरवले नाही.

जूनमध्ये एके सकाळी मी ग्रामपंचायतीत बसलो होतो. गल्लीतल्या एका आजोबांचा मुलगा वडिलांची नोंद करायला आला होता. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, कारण विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "वय झालं हुतं, भाऊसाहेब. म्हातारपणानं गेले म्हणून लिवा." वहीच्या त्या पानावर वृद्धापकाळ, हृदयविकार, दम लागून, वृद्धापकाळ अशाच नोंदी एकाखाली एक होत्या. खोटे बोलण्याची त्याची इच्छा नव्हती. कोरोना लिहिले तर घर सील होईल, गोठ्यातल्या म्हशींचे दूध संस्था घेईल का, दिवसकार्याला भावकी येईल का, ही त्याची काळजी होती, आणि ती काळजी मला कळत होती.

सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांची मदत मंजूर केली आणि निदानापासून ३० दिवसांच्या आतला मृत्यू, घरी झाला असला तरी, कोरोनाचा मानायचे ठरले. जानेवारी २०२२पर्यंत राज्यात अधिकृत मृत्यू १ लाख ४० हजारांच्या आसपास असताना मदतीचे अर्ज दोन लाखांच्या वर गेले. त्यातले काही दुबार असतील, काही नामंजूर होण्याजोगे असतील. पण दडलेला अंश असा स्वतः चालत कचेरीत आला. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला, भारत सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला, आणि तो वाद पुन्हा राज्याराज्यांतल्या मृत्यू नोंदींपाशीच येऊन थांबला.

आमच्या गल्लीतल्या त्या मुलाची बायको डिसेंबरात ग्रामपंचायतीत आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत सासऱ्यांच्या छातीच्या स्कॅनचा अहवाल होता, त्यावर फुप्फुसे किती बाधित झाली ते सांगणारा स्कोअर लिहिलेला. स्वॅब घेतलाच नव्हता. भाऊसाहेबांनी नोंदवही काढली, अनुक्रमांक शोधला, अहवालाची तारीख आणि मृत्यूची तारीख यांच्यामधले दिवस बोटांवर मोजले. सतरा भरले. कारण बदलण्याचा अधिकार त्यांना नव्हता, म्हणून त्यांनी जिल्हा समितीकडे करायचा अर्ज तिला समजावून सांगितला आणि मृत्यू दाखल्याची प्रत काढून दिली. समितीने मान्य केले तर जिल्ह्याच्या तक्त्यात एक कोरोना मृत्यू वाढणार होता. माझ्या वहीत काहीच बदलायचे नव्हते; एकूण मृत्यूंच्या रकान्यात ते आजोबा जूनपासूनच होते.